नीरेपलीकडचे पत्र

गेल्या पाडव्याची गोष्ट. आमच्या आत्याच्या पाया पडायला गेलो होतो. तिचे वय आता नव्वदीला टेकले आहे. पण कान शाबूत आणि जीभ तर त्याहून शाबूत. फराळाचे ताट पुढे सरकवून ती म्हणाली, "तू म्हणं फोनवरचं जुनं घर सोडलंस?" मी खिशातून मोबाइल काढला आणि तिला एका हत्तीचे चित्र दाखवले. म्हटले, "आत्या, आता मी इथं लिहितो." तिने चष्मा सारखा केला, हत्ती नीट निरखला आणि विचारले, "बरं दिसतंय. पण तिकडं हाय कोण?"

चकलीचा तुकडा तोंडात होता म्हणून बरे. मला लगेच उत्तर द्यावे लागले नाही. या प्रश्नाचे उत्तर मी गेली तीन वर्षे शोधतो आहे. शाळेत इतिहास शिकवण्यात जन्म गेल्यामुळे कोणत्याही प्रश्नाचे उत्तर मागे शोधायची मला खोड आहे. हेही उत्तर शोधता शोधता मी १८७९ सालात जाऊन पोहोचलो, आणि तेही दूर कोठे नव्हे, आमच्याच भोर संस्थानात.

आमचे सारोळे गाव पुणे जिल्ह्याच्या अगदी उंबरठ्यावर आहे. पुण्याहून साताऱ्याकडे निघाले की कात्रजचा डोंगर ओलांडून, कापूरहोळ, किकवी मागे टाकून आपण सारोळ्याला येतो. पुढे नीरा नदी, तिच्यावर महामार्गाचा पूल, आणि पूल संपला की सातारा जिल्हा सुरू. जरा पुढे शिरवळ. आमच्या लहानपणी पुलावर उभे राहून एक पाय पुणे जिल्ह्यात आणि एक साताऱ्यात ठेवायचा खेळ आम्ही खेळत असू. जिल्ह्याची हद्द नेमकी पुलाच्या कोणत्या दगडावर, याबद्दल भांडणे होत. असो.

या नदीच्या पलीकडे शिरवळात माझे एक स्नेही राहत होते. तेही शिक्षक. मी त्यांना सर म्हणे आणि ते मला सर म्हणत. नदीच्या दोन तीरांवर दोघांनी जन्म काढलेला, मध्ये चार-सहा मैलांचे अंतर. पण आमची ओळख झाली ती परदेशातील एका बड्या कंपनीच्या संकेतस्थळावर, २०१३ साली! मी आमच्या भागातील वीरगळांची आणि जुन्या घरांतून मिळालेल्या मोडी कागदांची छायाचित्रे तेथे टाकीत असे. मोडी मला अडखळत येते. सरांना ती पाण्यासारखी वाचता येई. मी रात्री कागद टाकावा आणि सकाळी उठून पाहावे, तो खाली सरांनी बाळबोध अक्षरात ओळ न् ओळ उतरवलेली असे. कोठे जमिनीच्या बांधाचा तंटा, कोठे बैलाच्या किंमतीची पावती, कोठे लग्नातील मानपानाचे रुसवे. असे आठ वर्षे चालले होते.

पहिल्यांदा प्रत्यक्ष भेटलो ते पुलाजवळच्या एका चहाच्या हॉटेलात. सरांनी पिशवीतून एक वही काढली, वहीतून एक पातळ कागदाची घडी, आणि घडीतून एक तांबडा ठसा. भोर संस्थानाचे टपाल तिकीट! हाताने ठसा उमटवलेले, देशी कागदावरचे, कडेला दातरे नाहीत. भोरच्या पंतसचिवांनी १८७९ साली अर्ध्या आण्याचे आणि एक आण्याचे अशी दोन तिकिटे काढली होती. पुढे १९०१ मध्ये शंकरराव पंतसचिवांचे चित्र असलेले आणखी एक निघाले. सरांजवळचे तिकीट अस्सल होते की नकली, हे त्यांना स्वतःलाही अखेरपर्यंत कळले नाही. संस्थानी तिकिटांच्या नकला बाजारात मुबलक आहेत. ते म्हणायचे, "नकली असलं तरी एवढ्या वर्षांत ते अस्सल होत आलंय."

त्या दिवशी सरांनी त्या तिकिटाची जी हकीकत सांगितली ती मी विसरणार नाही. संस्थानाचे तिकीट संस्थानाच्या मुलखातच चाले. नीरेपलीकडचे शिरवळ सातारा जिल्ह्यात, म्हणजे इंग्रजी अमलाखाली. सातारचे राज्य १८४८ साली खालसा झाले होते. तेव्हा भोरच्या प्रजेपैकी कोणाला शिरवळच्या व्याह्याला पत्र घालायचे झाले, तर पंतसचिवांच्या तिकिटाचा त्या कामी उपयोग नव्हता. त्याला इंग्रज सरकारचे तिकीट लावावे लागे. नदी तीच, माणसे तीच, सोयरीकही नदी ओलांडून झालेली; पण तिकिटाला पोहता येत नव्हते.

असे का, हे समजायला टपालाचा थोडा इतिहास पाहिला पाहिजे. वाचकांनी कंटाळू नये. यात एक पानिपतसुद्धा येणार आहे.

पेशवाईत पत्रे नेण्याचा मक्ता कोणा एकाचा नव्हता. सरकारचे जासूद सरकारी पत्रे नेत, सावकारांचे कासीद सावकारांची नेत. दोन्ही वाटा एकमेकींना समांतर चालत. पानिपतच्या पराभवाची बातमी नानासाहेब पेशव्यांना कशी कळली, हे आठवा. १७६१ च्या जानेवारीत ते फौज घेऊन उत्तरेकडे निघाले होते. सरकारी पत्रांची वाट पाहता पाहता डोळे शिणले, आणि अखेर नर्मदेच्या आसपास हाती लागले ते एका सावकाराच्या कासिदाजवळचे पत्र. त्यात मोती, मोहरा आणि खुर्दा यांच्या व्यापारी भाषेत मराठ्यांच्या सर्वनाशाचा हिशोब मांडला होता. राज्याची वाट बंद पडली तेव्हा पेढीची वाट चालू होती.

कंपनी सरकारला हे दुहेरी कारभार मानवणारे नव्हते. १८३७ च्या टपाल कायद्याने कंपनीच्या मुलखात मोबदला घेऊन पत्रे नेण्याचा हक्क सरकारने एकट्याकडे घेतला. आणि मौज अशी की, हा मक्ता कागदावर तरी परवा परवापर्यंत टिकून होता. नवा टपाल कायदा १८ जून २०२४ रोजी अमलात आला, तेव्हा पत्रे नेण्याच्या एकहाती हक्काचे ते कलम गेले.

मक्त्याने नुकसानच झाले असे मात्र म्हणता येत नाही. १ ऑक्टोबर १८५४ पासून सबंध इंग्रजी मुलखात एकच दर आला. पाव तोळ्यापर्यंतच्या पत्राला अर्धा आणा, मग ते पुण्याहून साताऱ्याला जावो की कलकत्त्याला. त्याआधी अंतरावर पैसे पडत आणि पुष्कळदा ते घेणाऱ्याला मोजावे लागत. गरिबाला दूरच्या मुलाला पत्र घालता येऊ लागले ते या अर्ध्या आण्यामुळे. हा उपकार विसरून चालणार नाही. बड्या घराचा दरवाजा रुंद असतो म्हणूनच माणसे तिकडे जातात. मी स्वतःही त्याच दरवाज्याने आत गेलो होतो.

पण आमच्या विषयाला खरा उपयोगी पडतो तो पुढचा प्रसंग. संस्थानांपैकी काहींनी इंग्रजांशी टपालाचा करार केला. पतियाळाने १८८४ साली सुरुवात केली, आणि पुढच्या काही वर्षांत ग्वाल्हेर, नाभा, जिंद, चंबा आणि फरीदकोट ही संस्थाने त्यात आली. इंग्रजी तिकिटावर संस्थानाचे नाव छापायचे, आणि ते तिकीट सबंध इंग्रजी हिंदुस्थानात चालायचे. ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारचे टपाल शिंद्यांचेच राहिले. त्यांचे पोस्टमास्तर त्यांचे, त्यांचा कारभार त्यांचा. पण त्यांचे पत्र कोठेही जाई. भोरचे मात्र नीरेशी अडे. दोघेही स्वतःच्या घरात राजे. फरक एवढाच, की एकाने शेजाऱ्याशी बोलणी केली होती.

हीच गोष्ट जगाच्या पाठीवर त्याआधीच घडली होती. राष्ट्राराष्ट्रांत टपालाचे इतके निरनिराळे तह होते की एकाच गावी जाणाऱ्या पत्राला वाटेप्रमाणे वेगवेगळा दर पडे. जर्मनीचे टपालप्रमुख हाइनरिख फोन श्टेफान यांच्या पुढाकाराने ९ ऑक्टोबर १८७४ रोजी स्वित्झर्लंडमधील बर्न येथे २२ देशांनी करार केला. कोणी कोणाचे टपाल ताब्यात घ्यायचे नाही. प्रत्येकाने आपापले टपाल चालवावे, आपापल्या तिकिटांचे पैसे आपापल्याजवळ ठेवावेत, आणि दुसऱ्याकडून आलेले पत्र आपलेच समजून पोचवावे. हिंदुस्थान १८७६ साली त्यात सामील झाला. त्या संघाला पुढे जागतिक टपाल संघ हे नाव पडले. परदेशी गेलेल्या मुलाचे पत्र आज आपल्या दारात येते ते या तहाच्या जोरावर. त्या देशाचा टपालमंत्री कोण, हे आपल्याला ठाऊकही नसते.

संगणकाचे युग आले तेव्हा त्याची पहिली पत्रव्यवस्था याच धर्तीवर उभी राहिली. १९७१ साली रे टॉमलिन्सन या अमेरिकन तंत्रज्ञाने माणसाचे नाव आणि यंत्राचे नाव यांच्यामध्ये एक वेलांटीदार चिन्ह घातले, आणि ई-मेलचा पत्ता तयार झाला. अमक्या घरचा तमका. आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आले १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमाच्या मार्फत. त्याच्या पुढच्याच वर्षी परदेशस्थ मराठी मंडळींची 'मायबोली' सुरू झाली. तिथल्या गप्पा मराठीत आणि घर स्वतःचे. ई-मेलचे पत्र मात्र कोणत्याही कंपनीच्या घरातून कोणत्याही घरी जाई, आजही जाते. कोणी त्याचे कौतुक करीत नाही. हवेचे कोण करतो?

मग गप्पांची मोठमोठी घरे निघाली. जानेवारी २००४ मध्ये ऑर्कुट आले, त्याच वर्षी फेब्रुवारीत फेसबुक, आणि २००६ मध्ये ट्विटर. ही सगळी भोर संस्थाने होती असे मी म्हणालो तर पंतसचिवांचा अपमान होईल. भोरला निदान आपली हद्द माहीत होती. या घरातला माणूस त्या घरातल्या माणसाशी बोलू शकत नाही. बोलायचे तर त्यानेही इकडेच राहायला यावे. ऑर्कुटवर हिंदुस्थानातील लोकांची केवढी गर्दी होती! ३० सप्टेंबर २०१४ रोजी ते बंद झाले. मालकाने दुकान बंद केले, गिऱ्हाइके दुसरीकडे गेली. या व्यवहाराला इंग्रजीत आणि मराठीत सारखीच उत्तम नावे आहेत. पण ज्यांची तरुणपणीची भांडणे आणि समेट तेथे लिहिलेले होते त्यांना काय वाटले असेल?

याहून मला खटकते ती दरवाजा उघडून पुन्हा लावून घेण्याची रीत. १९९९ साली जेरेमी मिलर यांनी 'जॅबर' नावाची गप्पांची खुली पद्धत सुरू केली होती. कोणीही आपले यंत्र चालवावे, आणि सर्वांनी एकमेकांशी बोलावे. गूगलने आपल्या गप्पांच्या सेवेत २००६ मध्ये तिला दार उघडून दिले. त्यांच्या घरातून बाहेरच्यांशी बोलता येऊ लागले. २०१३ साली नवी सेवा काढताना तो दरवाजा मिटू लागला. आज घरोघरी असलेले व्हॉट्सॲपसुद्धा मुळात त्याच खुल्या पद्धतीत फेरफार करून बांधलेले आहे. फक्त त्याच्याभोवती भिंत आहे. वाट सर्वांची, आणि वेस मात्र एकाची!

आता माझी हकीकत. सर २०२१ च्या उन्हाळ्यात गेले. त्या उन्हाळ्यात कितीजण गेले हे वाचकांना मी सांगायला नको. नदी ओलांडून जायचीही सोय नव्हती. पुलावर पोलिसांचा पहारा होता. सरांच्या शेवटच्या ओळी मी त्या संकेतस्थळावर पुन्हा पुन्हा वाचीत असे. एका कागदाखाली त्यांनी लिहिले होते की तिसऱ्या ओळीतील शब्द लागत नाही, उद्या उजेडात पाहतो.

पुढच्या वर्षी दसऱ्याला मी खंडेनवमीच्या पूजेचे छायाचित्र टाकले. आमच्या घरी एक जुना दांडपट्टा आणि गंज चढलेली तलवार आहे. झेंडूची फुले, हळदकुंकू, शेजारी पाटी-पुस्तके आणि कोयता. दुसऱ्या दिवशी खाते बंद! शस्त्रांच्या व्यवहाराबद्दलचा नियम मी मोडला असे यंत्राने ठरवले होते. मी दाद मागितली. दोन ओळींचे उत्तर आले, तेही यंत्राचेच. पुन्हा लिहिले, पुन्हा त्याच दोन ओळी. हयातभर मुलांच्या तक्रारी ऐकलेला मी मुख्याध्यापक, मला शिक्षा फर्मावणाऱ्याचा चेहराही दिसला नाही. खात्याबरोबर छायाचित्रे गेली याचे दुःख नव्हते, ती माझ्याजवळ होती. गेल्या त्या खालच्या ओळी. आठ वर्षांचे सरांचे वाचन!

माझा भाचा पुण्याला संगणकाचेच काम करतो. तो धावत आला. सगळे ऐकून म्हणाला, "मामा, तुम्ही आपला मजकूर उतरवून घेतला नव्हतात? तशी सोय असते." न्याय म्हणून सांगतो, सोय होती. मी ती कधी वापरली नाही. दुसऱ्याच्या वाड्यात राहताना आपली ट्रंक वेळच्या वेळी भरून ठेवावी, हे मला कोणी शिकवले नव्हते असे म्हणवत नाही. मीच ते वर्गात शिकवीत आलो होतो.

भाच्यानेच मला त्या हत्तीच्या घराची वाट दाखवली. त्याचे नाव मॅस्टोडॉन. पूर्वी होऊन गेलेल्या हत्तीसारख्या एका प्राण्याचे हे नाव. २०१६ साली ऑयगेन रोखको या जर्मनीत शिकणाऱ्या तरुणाने ते तयार केले. (टपाल जोडण्याचे वेड जर्मनीलाच का, हा एक स्वतंत्र लेखाचा विषय आहे.) तेथे एक मालक नाही. हजारो लहानमोठी घरे आहेत. कोणी संस्था चालवते, कोणी चार मित्र मिळून, कोणी एकटाच. प्रत्येक घराचे नियम वेगळे, चालक वेगळा. पण एका घरातला माणूस दुसऱ्या घरातल्याशी सहज बोलतो. पत्ता ई-मेलसारखाच, अमक्या घरचा तमका. ही घरे ज्या करारावर चालतात त्याला ॲक्टिव्हिटीपब म्हणतात, आणि जागतिक जाळ्याची मानके ठरवणाऱ्या संस्थेने जानेवारी २०१८ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केले. मी म्हटले, "म्हणजे हा बर्नचा तह की रे!" भाच्याला बर्न ठाऊक नव्हते. मला ॲक्टिव्हिटीपब ठाऊक नव्हते. दोघांची फिटंफाट झाली.

विकेंद्रीकरण हा शब्द आमच्या वडिलांच्या पिढीने ऐकला तो १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा सुरू झाल्या त्या सुमारास. तेव्हाही काहींना वाटले होते की आता सगळे आपोआप होणार. मला तसा भ्रम नव्हता, कारण भाच्याने आधीच सांगितले होते, "मामा, आमची एकदा यात्रा भरून उठलेली आहे."

ती यात्रा २०१९ सालची. सर्वोच्च न्यायालयातील ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे ट्विटरवरील खाते त्या वर्षी ऑक्टोबरअखेर बंद झाले. निमित्त एका प्रसिद्ध छायाचित्राचे. १९३६ साली हँबुर्गच्या गोदीत सगळा जमाव नाझी सलाम करीत असताना हाताची घडी घालून उभा राहिलेला एकटा माणूस त्यात दिसतो. पुढे गोरख पांडे यांच्या एका कवितेचेही निमित्त झाले. हेगडे न्यायालयात गेले. त्याच सुमारास पत्रकार दिलीप मंडल यांच्या खात्यावरील निर्बंधावरून आणि निळी खूण कोणाला मिळते, कोणाला मिळत नाही यावरून दलित-बहुजन मंडळींनी त्या कंपनीविरुद्ध मोठा आवाज उठवला. नोव्हेंबरात हजारो हिंदुस्थानी माणसे हत्तीच्या दारी आली. काही आठवडे गजबज होती. मग एकेक करून बहुतेक परतली. का? कारण मित्र, बातम्या, पुढारी, भांडायला हवी ती माणसे, सगळे तिकडेच होते. आमच्या आत्याचा प्रश्न त्यांनाही पडला असणार.

२७ ऑक्टोबर २०२२ रोजी इलॉन मस्क यांनी ४४ अब्ज डॉलरला ट्विटर विकत घेतले, तेव्हा दुसरी यात्रा भरली. महिन्याला हत्तीच्या घरी येणारी माणसे सुमारे ३ लाखांवरून २५ लाखांवर गेली, असे रोखको यांनीच लिहिले. त्यांतलीही पुष्कळ ओसरली. मी या दुसऱ्या यात्रेतला. फक्त माझे कारण मस्क नव्हते, दांडपट्टा होता.

मधल्या काळात बंगळूरचे 'कू' निघाले होते. २०२० साली. मराठीत लिहायची सोय, घर आपल्या देशातले. पुष्कळांना वाटले, झाले, स्वदेशी मिळाले. पण स्वदेशी वाडा आणि खुला वाडा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जुलै २०२४ मध्ये पैशाअभावी ते बंद करण्याचे जाहीर झाले, आणि त्यातील मंडळींना ऑर्कुटवाल्यांचाच अनुभव आला.

हत्तीच्या घरचे दोषही सांगितले पाहिजेत, नाहीतर ही जाहिरात व्हायची. लहान घराचा चालक हा गावच्या वाचनालयाच्या चिटणीसासारखा. खिशातून खर्च करतो, शिव्या खातो, आणि एक दिवस कंटाळून दिवा मालवतो. तेथे गुंड शिरला तर हाकलायला पगारी पहारेकरी नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे. या घरातून त्या घरात बिऱ्हाड हलवता येते, तुमचे अनुयायी आपोआप नव्या घराशी जोडले जातात, ही सोय खरीच अपूर्व आहे. पण तुमचे जुने लिखाण मागेच राहते. म्हणजे माझे सरांचे वाचन येथे असते तरी ते माझ्याबरोबर आले असतेच असे नाही. हे मला कळले त्या रात्री मी बराच वेळ जागा होतो.

तरी मी राहिलो. पहिले सहा महिने माझ्या ओळखीचे एकही मराठी माणूस तेथे नव्हते. मी आमच्या मोडी कागदांची छायाचित्रे पुन्हा एकेक करून टाकू लागलो. एका स्वीडिश बाईंना वीरगळ आवडले. एका पोलिश गृहस्थांनी कागदाच्या घडीवरून काही विचारले. आमची ही ऐकून म्हणाली, "अहो, जगभर पाटपाणी झालं, आता शेजारच्यांना कधी बोलावणार?" खरे होते. गावातील व्हॉट्सॲपचा गट मी काही सोडलेला नाही; दुधाचा भाव आणि मयताची वेळ तेथेच कळते.

मग एके दिवशी तंजावरहून एकाने लिहिले. मराठी घराणे, कित्येक पिढ्या तिकडे. बोलण्यात तमिळचा झोक आहे असे त्यांनीच कळवले. तेथील सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी कागदांचे ढीग आहेत, आणि त्या निमित्ताने त्यांनी मोडी शिकून घेतली होती. माझ्या एका कागदाची तिसरी ओळ त्यांनी वाचली. तीच, जी सर उजेडात पाहणार होते. शब्द होता 'उतार'. नदी पायी ओलांडण्याची जागा. बांधाचा तंटा नव्हता तो, नदीच्या उताराचा होता!

ही बातमी कोणाला सांगावी? मी सायकल काढली, पूल ओलांडला आणि शिरवळला सरांच्या घरी गेलो. वहिनींनी चहा टाकला. मी सगळे सांगितले, खाते बंद झाल्याचेही. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "भाऊजी, हे आधी सगळं पाकिटांच्या पाठीवर लिहायचे, मग फोनवर. मी ती पाकिटं फेकली नाहीत." माळ्यावरून बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा खाली आला. आलेल्या पत्रांची, विजेच्या बिलांची, लग्नपत्रिकांची पाकिटे, फोडून उलटी केलेली. पहिले पाकीट उघडले तर त्यावर वाणसामानाची यादी होती. साखर, शेंगदाणे, उदबत्ती. वहिनी हसल्या. दुसऱ्यावर सरांचे बारीक अक्षर होते.

सगळी मिळाली नाहीत. असतील शंभराच्या आत. पण मी रोज रात्री एक पाकीट मूळ कागदाशेजारी ठेवून त्याचे छायाचित्र चढवतो, आणि दर रविवारी सगळे उतरवून एक प्रत वहिनींकडे, एक भाच्याकडे देतो. आत्याला मी सांगितले, "तिकडं एक तंजावरचे आहेत." ती म्हणाली, "एवढ्या लांबचे?" आजवर सतरा पाकिटे झाली. तंजावरकरांनी त्यांपैकी चारांत सरांची चूक काढली आहे, आणि दोन ठिकाणी मला वाटते सरांचेच बरोबर आहे.